कार्बन कर लावा, पण परतावा आधी हातात द्या

प्रश्न असा आहे: "भारताने देशभर कार्बन कर लावावा का? त्याचा खरंच उपयोग होतो, की सामान्य माणसाच्या खिशाला कात्री लागते?"

लावावा. कार्बन कर म्हणजे कोळसा, तेल जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर. तो कोळशावर लावावा, खाणीच्या नाहीतर बंदराच्या दारातच वसूल करावा, आणि ज्यांना पैसे परत द्यायचे ठरेल त्यांच्या हातात ते कर सुरू व्हायच्या आधी पडावेत. "आधी कर भरा, परतावा मागाहून मिळेल" अशी योजना असेल तर माझा विरोध आहे, मग ती कितीही मोठ्या अर्थतज्ज्ञाने मांडलेली असो.

मी वर्सोव्याची. वडील नाखवा, डोल जाळ्याची बोट, बोंबील-मांदेली-जवळा हा आमचा धंदा. बारावीपासून बोटीचा हिशोब मी ठेवते. मच्छीमारांना डिझेलवरचा राज्याचा कर परत मिळतो, हे किनाऱ्याबाहेरच्या फार लोकांना ठाऊक नसतं. बोट रस्त्यावर चालत नाही, मग रस्त्यावरच्या गाडीचा कर तिने का भरायचा, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण पंपावर पूर्ण भाव मोजायचा आणि कर नंतर मागायचा, अशी त्याची रीत आहे.

ऑगस्ट २०१७ ते मे २०१८ या हंगामात आमच्या बोटीने १२,४०० लिटर डिझेल जाळलं. लिटरमागे साधारण १२ रुपये धरले तर आमचे १,४८,८०० रुपये येणं होतं. मच्छीमार सोसायटीने कागद वेळेत पुढे पाठवले. पुढे ते कुठल्या टेबलावर अडकले ते इथे लिहीत नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी संपली, नारळी पौर्णिमा आली, बोट सोडायची वेळ झाली, आणि बर्फ, डिझेल, रेशन, खलाशांची आगाऊ रक्कम, कशालाच पैसे नव्हते. बाबा एवढंच म्हणाले, "पैसं येतील गो, पन कवा?"

मग व्यापाऱ्याकडून उचल घेतली. कोळीवाड्यात उचल कशी असते ते बाहेरच्यांना कळत नाही. व्याज लावत नाहीत. फक्त उचल फिटेपर्यंत माल त्यालाच घालायचा आणि भाव तो सांगेल तो. आमच्या मालाला तो बाजारापेक्षा किलोमागे ७ रुपये कमी द्यायचा. महिन्याला सरासरी १,४०० किलो माल त्याच्याकडे जायचा. परतावा आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधले मासेमारीचे महिने मोजले तर १३ होतात. १८,२०० किलो, ७ रुपयांप्रमाणे १,२७,४०० रुपये. म्हणजे दीड लाखाच्या परताव्यातले आमच्या पदरी २१,४०० पडले. बाकीचे वाट बघण्यात गेले. कागदावर मात्र आम्ही "पूर्ण परतावा मिळालेले लाभार्थी" आहोत.

हे सगळं चालू असताना, २०१९ च्या भाऊबीजेला, माझा चुलतभाऊ ओवाळून घ्यायला आला. दादा अर्थशास्त्र शिकलेला, वांद्र्याला मोठ्या सल्लागार कंपनीत. त्या दिवशी अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होतं, २००७ च्या 'गोनू'नंतरचं इकडचं पहिलं महाचक्रीवादळ. बोटी परत बोलावलेल्या, ऐन दिवाळीत सगळा कोळीवाडा किनाऱ्याला बसलेला. लगेच मागून 'महा' आलं. समुद्र तापतोय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दादा जेवता जेवता म्हणाला, "यावर उपाय एकच, कार्बन कर. कॅनडाने याच वर्षी लावलाय, आणि पैसे लोकांना परत देतात." मी त्याच्यासमोर हिशोबाची वही ठेवली. त्याने बघितली आणि म्हणाला, "हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे, धोरणाचा नाही."

त्या वाक्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज देते. ज्याच्या घरात महिन्याभराची शिल्लक नसते, त्याच्यासाठी पैसे कधी येणार हेच धोरण असतं. दर किती, सूट किती, हे नंतरचं.

कॅनडाचं पुढे काय झालं तेही बघा. तिथे परतावा आगाऊ मिळायचा, ही गोष्ट त्यांनी बरोबर केली होती. बहुतेक घरांना थेट भरलेल्या करापेक्षा जास्त पैसे परत मिळतात, असं तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यानेच दाखवलं होतं. तरीही १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर बंद करावा लागला. पंपावरचा भाव रोज डोळ्यांसमोर असतो. खात्यात दर तीन महिन्यांनी काहीतरी जमा होतं ते कशाचं आहे हेच पुष्कळांना कळलं नव्हतं. कर बंद झाल्याचा मला आनंद नाही, उलट वाईट वाटलं. स्वीडनचा दाखला मात्र इथे कुणी देऊ नये. त्यांनी १९९१ साली कार्बन कर आणला तेव्हा दुसऱ्या बाजूने आयकर कमी केला. आमच्या कोळीवाड्यात आयकर भरणारे किती? जो कर आम्ही भरतच नाही, तो कमी करून आमची भरपाई कशी होणार?

आणि त्या दिवशी दादा "भारतात कार्बन कर नाही" असंही म्हणाला होता, तेही चूक होतं. २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर होता. तो १००, मग २०० झाला, २०१६ साली ४००. एक युनिट विजेला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे २६-२८ पैसे. कुणी मोर्चा काढला? नाही, कारण वसुली खाणीच्या दारात होती. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतला होता. २०१० ते २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींहून जास्त जमा झाला, त्यातला साधारण २९,६०० कोटी त्यासाठीच्या स्वच्छ ऊर्जा निधीत गेला आणि १६ हजार कोटींच्या आत खर्च झाला. २०१७ च्या जीएसटीनंतर तोच ४०० रुपयांचा उपकर, जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं, त्याच्या भरपाईकडे वळवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला; त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. आता कर टनावर नाही, किमतीवर आहे. म्हणजे जो कोळसा हलक्या प्रतीचा, राखेचा आणि स्वस्त, त्याच्यावरचा कर कमी झाला. मला हे अगदी उलटं वाटतं.

एकच हिशोब करून बघा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यावर आमच्या त्या हंगामात फक्त राज्याचाच कर साधारण १२ रुपये होता, म्हणजे त्या वायूच्या टनाला जवळजवळ ४,४०० रुपये. एक टन कोळशातून तोच वायू साधारण दीड टन निघतो, त्यावर २०२५ पर्यंत ४०० रुपये होते, म्हणजे वायूच्या टनाला २७० सुद्धा नाही. समुद्रावर जाणारा माणूस, परतावा मागाहून मिळाला तरी, वर्षानुवर्षं जबर कार्बन कर आधी भरतोच आहे, फक्त त्याला कुणी ते नाव दिलेलं नाही. म्हणून मी म्हणते कोळशापासून सुरुवात करा. डिझेलला त्यात पुन्हा धरू नका.

तुमच्या "उपयोग होतो का" या प्रश्नावर थोडक्यात: दर पुरेसा असेल आणि दरवर्षी वाढणार हे कारखान्यांना आधीपासून माहीत असेल, तर होतो. २०२३ साली आपल्याकडे कार्बन क्रेडिटच्या (ठरवून दिलेल्यापेक्षा कमी कार्बन सोडणाऱ्या कारखान्याला मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्राच्या) खरेदी-विक्रीची योजना जाहीर झाली, तो करापेक्षा वेगळा मार्ग आहे. शिवाय युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आपल्या पोलाद-ॲल्युमिनियमवर सीमेवर कार्बनची किंमत लावायला सुरुवात केली आहे. इथे भरलेली किंमत तिथे वजा होते. तो पैसा इथेच घेऊन इथल्या माणसांना दिलेला बरा.

एक गोष्ट आमच्या विरोधात जाणारी आहे, तीही लिहिते. डिझेलवरच्या सवलतीने मोठ्या बोटी जास्त दिवस बाहेर राहतात आणि लहान मासळीही उपसून आणतात, ते खोटं नाही. म्हणून सवलत लिटरवर न देता बोटीमागे ठरावीक रक्कम द्यावी, हंगामाच्या आधी, ऑगस्ट उजाडायच्या आत. जो कमी जाळेल त्याच्याकडे जास्त उरेल. कार्बन कराचा परतावाही असाच हवा, दर माणशी सारखा आणि आगाऊ. सगळ्या मच्छीमारांना हे पटेलच असं नाही; बाबांनाही अर्धंच पटतं.

आणि दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. २०१८-१९ ची वही अजून कपाटात आहे, डाव्या पानावर आमचा भाव आणि उजव्या पानावर बाजारभाव, रोजचा. या भाऊबीजेला जेवणाआधी बसू. १३ महिन्यांची पानं तू स्वतः मोज, आणि मग तेच वाक्य बाबांसमोर परत म्हणून दाखव.