आंब्याचे बाठे आणि काजूची टरफलं जाळून पाणी तापवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या भावाच्या घरी चेरीच्या बिया जाळणारा स्टोव्ह आहे, त्याने थंडीत सगळं घर गरम राहतं. तसला स्टोव्ह गोव्यात मागवून त्यात आंब्याचे बाठे आणि काजूची टरफलं जाळता येतील का? मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. आमच्या न्हाणीत अजून तांब्याचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, चुलीवरच चढतं, म्हणून स्वतः करून पाहिलेलं सांगतो. बाठे जळतात, पण पुरत नाहीत. टरफलं घरात मुळीच जाळू नका.

टरफलांचं आधी सांगतो, कारण त्यात इजा आहे. काजूच्या टरफलात भरपूर तेल असतं आणि ते कातडी भाजून काढतं. लहानपणी बिया भाजून फोडताना बोटांची सालं गेली नाहीत असा माणूस आमच्या वाड्यावर मिळणार नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी श्रावणात आमची लाकडं भिजली, तेव्हा मी ओळखीतून पोतंभर टरफलं आणली. पेटली झटकन आणि जाळही जोरात धरला. पण धूर काळा, घशाला झोंबणारा, आणि भाणाच्या बुडाला डांबरासारखी चिकट काजळी. चुलीपाशी आई बसली होती. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले, मानेवर आणि हातांवर पुरळ उठलं, उतरायला आठवडा गेला. टरफलं मी आणली होती, त्यामुळे ते अजून मनातून जात नाही. कारखान्यातल्या भट्टीत टरफलं जाळतात, पण तिथे धूर उंच धुराड्यातून बाहेर जातो. आपल्या न्हाणीला कौलांतली फट तेवढी.

आता बाठे. मानकुराद आंबा कितीही चोखून खाल्ला तरी बाठ्याच्या केसरांत गर राहतोच. तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी मुंग्या आणि चौथ्या दिवशी बुरशी. म्हणून धुवायचा, दोन-तीन दिवस उन्हात टाकायचा, मग कडेने कोयता घालून उघडायचा आणि आतली बी काढून वेगळी वाळवायची. न फोडता चुलीत टाकला तर आतल्या ओलाव्याने बराच वेळ नुसता धुमसतो. एवढं सगळं करायला मे महिनाच हाताशी असतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात.

आणि हिशेब असा. 40 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 1200 किलोकॅलरी लागतात. एक किलो कोरड्या लाकडातून किंवा बाठ्यांतून साधारण 4000 ते 4500 मिळतात, पण उघड्या चुलीत त्यातला सातवा हिस्सा जरी भाणाला लागला तरी पुष्कळ. म्हणजे एका वेळच्या आंघोळींना दोन किलो सरपण. वाळलेला बाठा 25 ग्रॅमचा धरला तर 80 बाठे. घरात मोसमभर 300 आंबे खाल्ले तरी चार दिवसांत संपले.

मिशिगनमध्ये हे जमतं, कारण तिथे कारखान्यांत चेरीच्या बियांचे ढीग आयते एका जागी पडतात. स्पेनच्या दक्षिणेला ऑलिव्हच्या बियांचं तेच. शिवाय चेरीची बी लहान, गोल, सगळ्या सारख्या, त्यामुळे स्टोव्हमधला स्क्रू ती आपोआप आत ढकलतो. आंब्याचा बाठा त्यात अडकून बसेल. आणि आपल्याकडे ऐन जानेवारीतही घर तापवायची वेळ येत नाही, लागतं ते आंघोळीचं पाणी.

तुमच्या घरात चेरीच्या बीचा सख्खा भाऊ आधीच आहे: करवंटी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने नारळ हे आंबा-चेरीच्याच जातीचं फळ, आणि करवंटी म्हणजे त्याच्या बाठ्याचं कठीण कवच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत पीचच्या बिया घरोघरी गोळा केल्या होत्या, त्यांचा कोळसा करायला. नारळाच्या करवंट्याही त्याच कामाला लागल्या. इतका दोन्हींचा गुण सारखा.

करवंटी धुवावी लागत नाही, खोबरं काढलं की दोन उन्हांत खडखडीत होते. आमची रीत अशी: खाली सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुगा, त्यावर चुडताच्या (माडाच्या झावळीच्या) काड्या, मग करवंट्या पालथ्या, एकीवर एक. उताण्या ठेवल्या तर जाळ वाटीतच कोंडतो. साधारण 25 अर्ध्या करवंट्यांत भाणातलं पाणी आंघोळीपुरतं तापतं आणि निखारा मागून बराच वेळ टिकतो. घरच्या कमी पडल्या तर खानावळीत विचारा, आमच्याकडे पोत्याने देतात. मेअखेर माळ्यावर चढवून ठेवा.

न्हाणीचं दार मात्र जाळ चालू असताना बंद करू नका. करवंटीच्या निखाऱ्याला धूर दिसत नाही, पण कोंडलेल्या जागेत तोच जीव घेतो. राख टाकू नका, तांबड्या भाजीच्या वाफ्यात मूठ-मूठ पसरा, आपल्या आंबट लाल मातीला ती मानवते. बाठ्यांपैकी दोन-चार चांगले निवडून परसात पुरा.