वाचकांचे प्रश्न : आकृत्या फळ्यावर कशा मांडाव्यात?

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीच्या पाठात माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतील हाडे समजावताना एक आकृती काढते, ती पुसते आणि मग पुढची काढते. हाडांची नावे मुलांना पाठ असतात. तरी ‘या तिघांत सारखे काय?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. माझे कुठे चुकते? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : माझ्या मते सारी अडचण आपण डस्टर फिरवता त्या क्षणी सुरू होते. पहिली आकृती पुसली गेली की मुलाला ती मनात धरून ठेवावी लागते आणि नवी आकृती समजून घेता घेता ती निसटते. अमेरिका, हाँगकाँग आणि जपान येथील गणिताच्या तासांची तुलना करणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. साधर्म्य दाखवताना आधीचे उदाहरण फळ्यावर तसेच ठेवण्याची काळजी हाँगकाँग आणि जपानमधील शिक्षक अमेरिकी शिक्षकांपेक्षा अधिक घेतात, असे त्यात आढळले. तेव्हा तिन्ही आकृत्या तास संपेपर्यंत फळ्यावर राहू द्याव्यात.

मात्र एवढ्याने भागत नाही. हात खाली लोंबलेला, पंख आडवा पसरलेला आणि पर तिरका असेल, तर मुलाला प्रत्येक आकृती आधी मनातल्या मनात फिरवून घ्यावी लागते आणि त्यातच त्याची शक्ती खर्च होते. मॅटलेन, गेंटनर आणि फ्रँकोनेरी यांनी २०२० मध्ये प्रयोगांनी दाखवलेले तत्त्व येथे उपयोगी पडते : उभ्या रचना शेजारी शेजारी आणि आडव्या रचना एकाखाली एक ठेवल्या, तर जुळणारे भाग थेट समोरासमोर येतात आणि तुलना सोपी होते. म्हणून तिन्ही अवयव खांदा वर आणि बोटे खाली असे उभे, साधारण एकाच उंचीचे काढावेत आणि ‘आकार प्रमाणात नाहीत’ अशी टीप अवश्य लिहावी. खांदा, कोपर आणि मनगट यांच्या पातळीवर तिन्ही आकृत्यांतून जाणाऱ्या तुटक रेषा ओढाव्यात. दंडाचे हाड तिन्हीकडे एकाच रंगाच्या खडूने रंगवावे, कोपराखालची हाडे दुसऱ्या रंगाने.

अशा मांडणीत फरकही आपोआप डोळ्यांत भरतात, आणि मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कोपराखाली माणसाला दोन ठळक हाडे असतात, तर वटवाघळात त्यांपैकी एक अगदी बारीक उरलेले असते. त्याची बोटे विलक्षण लांबलेली, पण अंगठा आखूड आणि नखासह मोकळा असतो. देवमाशाच्या बोटांत आपल्यापेक्षा अधिक पेरे असतात. रचना एकच आणि बदल कामानुसार, हे मूल स्वतः बोट ठेवून सांगू शकते. त्याला ते सांगू द्यावे; ‘हे हाड तिकडे कोणते?’ एवढेच विचारावे, कारण नुसती शेजारी ठेवलेली चित्रे मुले एकेक करून पाहतात आणि पुढे जातात. याच ओळीत फुलपाखराचा पंखही काढावा. काम उडण्याचेच, पण आत एकही हाड नाही. वरवरचे साम्य आणि रचनेतील साम्य यांतला भेद तेथे उघड होतो.

प्रश्न : मुलीच्या वहीत एकच समीकरण दोन रीतींनी सोडवलेले आहे, पण दोन वेगवेगळ्या पानांवर. त्याने काही बिघडते का? – एक पालक, पुणे

उत्तर : होय, बिघडते. सातवीच्या विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात दोन रीती शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारी मुले, त्या एकामागून एक अभ्यासणाऱ्या मुलांपेक्षा समीकरणे सोडवण्यात सरस ठरली. पानावर मधोमध उभी रेघ ओढून दोन्ही रीती लिहायला सांगा, समान अर्थाच्या पायऱ्या एकाच ओळीत येऊ द्या, आणि जेथे एका रीतीत पायरी वाचते तेथे त्याच रीतीच्या बाजूची जागा कोरी सोडायला लावा.