बिटकॉइन नोडवर स्पॅमचा फिल्टर लावावा का?

लावा की, नोड (बिटकॉइनचे व्यवहार तपासून पुढे पाठवणारा संगणक) तुमचा आहे. पण त्याने ब्लॉकमधला (पक्क्या झालेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्यातला) कचरा, म्हणजे डेटा कोंबलेले व्यवहार, हटेल अशी आशा धरू नका. आमच्या घरात हा वाद 2024 पासून पेटलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा नोड खानापुरात माळ्यावरच्या जुन्या पीसीवर चालतो. निपाणीचा मावसभाऊ हाल्विंगच्या (ब्लॉक बनवणाऱ्या मायनरचं बक्षीस निम्मं होतं, त्याच्या) आदल्या दिवशी आला आणि हट्टच धरून बसला, "दादा, ओपी-रिटर्नवाले सगळे बंद कर." म्हणजे व्यवहारात डेटा लिहायची जागा वापरणारे. केले. कॉन्फिगमध्ये डेटाकॅरिअर (ते पुढे पाठवायची सेटिंग) शून्य, नोड रीस्टार्ट. 20 एप्रिलला पहाटे 840000वा ब्लॉक आला, रून्स (ओपी-रिटर्नमधून काढलेले टोकन) सुरू झाले, फी भडकली. आमचा मेमपूल (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणारे व्यवहार) मात्र शांत! भावाला थोडे थोडे साठवलेले सॅट्स (बिटकॉइनचे सुट्टे) एकत्र करायचे होते. मेमपूल बघून त्याने नेहमीचीच फी घातली आणि व्यवहार लटकला. इकडे आम्ही दारातून हाकललेले तेच व्यवहार ब्लॉकमध्ये बसून आमच्याच डिस्कवर उतरत होते. डीबग लॉग चालू केला की त्यात प्रत्येक ब्लॉकची ओळ येते: मेमपूलमधले इतके, बाहेरून मागवलेले इतके. मागवलेल्यांचा आकडा फुगतच चालला होता.

फिल्टर हा फक्त तुमच्या नोडचा नियम. ब्लॉक वैध की नाही, ते कॉन्सेन्सस (सगळ्या नोडचे सामायिक नियम) ठरवतं. फी मिळते तोवर मायनर घेणारच. मॅराथॉन या मोठ्या मायनिंग कंपनीने 2024 मध्येच स्लिपस्ट्रीम ही सेवा काढून असे व्यवहार थेट घ्यायला सुरुवात केली. फिल्टर कडक झाले की माल असल्या खासगी वाटेने जातो, तो लहान मायनरपर्यंत पोचतच नाही, आणि त्यात तो मरतो. वर ओपी-रिटर्न अडवलं की लोक खोट्या पत्त्यांवर डेटा कोंबतात. तो यूटीएक्सओ सेटमध्ये (प्रत्येक नोडला सांभाळावी लागणारी न खर्चलेल्या नाण्यांची यादी) कायमचा अडकतो, ओपी-रिटर्न तिथे जातच नाही. म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये बिटकॉइन कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या आवृत्ती 30 ने ओपी-रिटर्नची 80 बाइटची डीफॉल्ट मर्यादा 1,00,000 वर नेली ते मला पटलं. भावाला अजून पटत नाही, तो नॉट्स (कडक फिल्टरचं दुसरं नोड सॉफ्टवेअर) चालवतो.

त्याचं एक म्हणणं खरं आहे. अशा गर्दीत लहान रकमेचा माणूस चिरडला जातो. तुमचं नेट मोजून मिळत असेल तर फिल्टरने थोडा अपलोडही वाचेल. डिस्क लहान असेल तर मात्र फिल्टर नको, प्रूनिंग करा, म्हणजे जुने ब्लॉक पुसून टाका. ब्लॉकच्या फाइली 550 एमबीवर येतात.

आणि फिल्टर लावलाच, तर फी ठरवताना स्वतःचा मेमपूल बघू नका, फिल्टर नसलेल्या नोडचा बघा. हे मी त्याला त्या पहाटेसुद्धा सांगत होतो.