पिवळा दिवा आणि मधली जागा

प्रश्न : वेगवान रस्त्यावरच्या चौकात मी पोहोचतो आणि नेमका पिवळा दिवा लागतो. थांबावं तर मागचा येऊन आदळेल, जावं तर लाल होईल. माझाच निर्णय चुकतो का? चौकाच्या बऱ्याच अलीकडे डांबरात चौकोनी रेघा कापलेल्या दिसतात, त्या कशासाठी?

उत्तर : सिग्नलच्या वेळा बसवणं हे माझं काम, म्हणून आधी हिशेब मांडते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दिवा पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे २० मीटर गेले. पुढे करकचून ब्रेक न दाबता गाडी थांबायला साधारण ६५. एकूण ८५ मीटर. आता पिवळा तीनच सेकंद असेल, तर तेवढ्यात तुम्ही ६० मीटर जाता. सिग्नलच्या थांबारेषेपासून ७० मीटरवर असलेल्या माणसाने करायचं काय? त्याला नीट थांबताही येत नाही आणि लाल होण्याआधी रेषेपर्यंत पोहोचताही येत नाही. गॅझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या संशोधकांनी हे १९६० मध्येच गणिताने दाखवलं. तरी चालकाला दोष देणं थांबत नाही, याचा मला राग येतो. या वेगाला पिवळा चार सेकंदांहून थोडा जास्तच हवा.

पण पिवळा पुरेसा असला तरी रेषा साधारण अडीच ते साडेपाच सेकंदांवर असताना कोणी थांबतो, कोणी निघतो. पुढच्याने ब्रेक दाबला आणि मागच्याने जायचं ठरवलं, की धडक. त्या रेघा यासाठीच. त्यांच्यात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वरून धातूची गाडी गेली की त्याचा प्रेरण नावाचा विद्युत गुणधर्म बदलतो, सिग्नल चालवणाऱ्या यंत्राला गाडी कळते आणि ती या धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत ते हिरवा लांबवतं. वजनाचा इथे संबंध नाही.

मात्र आडव्या रस्त्यावर लोक खोळंबलेले असतात, म्हणून हिरव्याला कमाल मर्यादा असते. रहदारी सलग असली की ती मर्यादा संपते आणि पट्ट्यात कोणीही असो, पिवळा लागतो. म्हणजे गर्दीच्या वेळी, गरज सर्वांत जास्त असताना, हे संरक्षण निसटतं. प्रत्येक गाडीचं अंतर आणि वेग मोजणारं रडार असेल, तर मर्यादा गाठण्याआधीच पट्टा रिकामा असल्याचा क्षण निवडता येतो. मला तोच मार्ग पटतो.

तुमच्या चौकातला पिवळा फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर चित्रित करा आणि सेकंद मोजा. तीनच भरले, तर रस्त्याच्या वेगमर्यादेसह ते चित्रण संबंधित खात्याला लेखी पाठवा.