जिन्यात पडल्याचा तपास करायचाय? मग पुन्हा स्ट्रक्चरल ऑडिट करू नका

ताई, तुमच्या आई जिन्याच्या लँडिंगवरून (दोन टप्प्यांमधल्या सपाट जागेवरून) खाली उतरताना पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि सोसायटीच्या कमिटीने उत्तर म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटची झेरॉक्स हातात ठेवली. वर म्हणे इमारत सुरक्षित आहे, त्यांचं वय झालंय, चपला गुळगुळीत असतील. आता तुम्ही विचारताय की दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा ऑडिट करून घेऊ का. नका घेऊ. माझे वडील पडले तेव्हा आम्हालाही हाच कागद दाखवला होता, चपलांचं वाक्यसुद्धा जवळपास हेच होतं. म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि इंजिनियरही नाही. एका प्रकरणातून गेलेली सभासद आहे, एवढंच. बिलं, एक्स-रे, फोटो, आईंच्या त्या दिवशीच्या चपला हे तुम्ही जपून ठेवलंच असणार, त्यात शिरत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट कशासाठी असतं ते बघा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. त्यात रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा कठीणपणा बघतात, अल्ट्रासोनिक चाचणीने आतल्या पोकळ्या आणि भेगा शोधतात, हाफ-सेलने सळया गंजण्याची शक्यता तपासतात, फिनॉल्फ्थॅलिन टाकून कार्बोनेशन किती आत शिरलंय ते पाहतात. खांब, तुळया, स्लॅब भार पेलतील का, एवढाच प्रश्न. हा प्रश्न क्षुल्लक नाही. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २०१७ च्या जुलैमध्ये कोसळून १७ माणसं गेली, तळमजल्याच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. तेव्हा ऑडिट व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पायरी कितीही मजबूत असली तरी माणूस तिच्यावरून पडू शकतो. ऑडिटवाला पायऱ्यांची उंची मोजत नाही. लादी ओली झाल्यावर किती घसरते ते बघत नाही. जिन्यात संध्याकाळी सातला किती उजेड असतो हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान कुठे झालं ते सांगते. गाव आणि ऑफिसचं नाव लिहिणार नाही. पालिकेच्या प्रभाग कार्यालयात आम्ही रीतसर अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की दुसऱ्या मजल्याच्या खालच्या लँडिंगजवळची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, लादी पावसात निसरडी होते, तिथला दिवा बंद असतो, कृपया जिन्याची पाहणी करावी. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. साहेब साइटवर आहेत, साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत, फाइल वर गेली आहे, फाइल खाली आली आहे. पाहणीला माणूस आला तो पाऊस संपून लादी खडखडीत कोरडी झाल्यावर, भर दुपारी. त्याने पार्किंगमधले खांब बघितले, गच्चीवर जाऊन टाकी बघितली, ऑडिट रिपोर्ट मागून घेतला. जिन्यातून वर गेला आणि जिन्यातूनच खाली आला, पण टेप काही खिशाबाहेर काढली नाही. अर्ज पावसाळ्यात दिला होता, उत्तर आलं उन्हाळ्यात: ‘सदर इमारत सी-३ प्रवर्गात मोडत असून संरचनेस कोणताही धोका आढळून येत नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२ब म्हणजे राहत्या घरीच दुरुस्ती करायची. ही सगळी वर्गवारी इमारत कोसळेल का यावर ठरते. आम्ही विचारलं होतं एक, उत्तर आलं भलत्याच प्रश्नाचं, आणि तेही सही-शिक्क्यानिशी. त्या पत्राने काय केलं ऐका. सेक्रेटरींनी ते नोटीस बोर्डावर लावलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने त्याचा हवाला दिला. पुढे समोरच्या वकिलांनी पहिल्या उत्तरालाच ते जोडलं. नुसतं गप्प बसलेलं ऑफिस परवडलं असतं. ज्याने टेप काढली नाही त्याची सही आमच्या डोक्यावर बसली.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: पालिकेला अर्ज जरूर द्या, पण त्यात ‘धोकादायक’ हा शब्द वापरू नका. तो शब्द दिसला की फाइल आपोआप धोकादायक इमारतींच्या टेबलावर जाते आणि तिथून असंच उत्तर येतं. ‘जिन्याच्या पायऱ्यांची मापं, रेलिंग आणि प्रकाश नियमानुसार आहेत का, प्रत्यक्ष मोजून कळवावे’ असं लिहा. त्यांच्या उत्तरासाठी आपलं काही अडवून मात्र ठेवू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, आणि पालिकेत अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळी कारणं पटवून द्यावी लागतात. (सोसायटीविरुद्ध ग्राहक आयोग, सहकार न्यायालय की दिवाणी दावा, यावर वकिलांमध्येच दोन मतं असतात. आपल्या वकिलांना विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.)

आता तज्ज्ञ. आम्हाला भेटले ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी येण्याआधी फोनवर एकच विचारलं, ‘लँडिंगची लादी नंतर बसवली आहे का?’ बसवली होती. रंगकामाच्या वेळी कमिटीने लँडिंगला ग्रॅनाइट लावून घेतलं, पायऱ्या तशाच जुन्या मोझॅकच्या ठेवल्या. ते आले, खाली बसले, आणि प्रत्येक पायरीची उंची टेपने मिलिमीटरमध्ये मोजून खडूने तिथेच लिहीत गेले. १६५, १६४, १६६, १६५... मग वरून लँडिंगवर उतरतानाची शेवटची पायरी १३२. आणि लँडिंगवरून पुढे खाली जाणारी पहिली पायरी १९८.

हिशोब सोपा आहे. जुनी लादी न काढता तिच्यावर माल टाकून ग्रॅनाइट बसवलं, लँडिंग ३३ मिलिमीटर वर आलं. तेवढी वरची पायरी बुटकी झाली, तेवढीच खालची उंच झाली. जिना उतरताना माणूस पायाकडे बघत नाही. दोन-तीन पायऱ्या उतरला की पायाला माप कळतं आणि पुढचे पाय त्याच मापाने पडतात. वडिलांचा पाय जिथे टेकायला हवा होता तिथे पायरीच नव्हती, सव्वा इंच खाली होती. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या एनबीसीमध्ये, राहत्या इमारतीच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि पाय ठेवायच्या जागेची रुंदी कमीत कमी २५० मिमी सांगितली आहे. म्हणजे १९८ हे तसंही बसत नव्हतं. पण तज्ज्ञांच्या मते १९० पेक्षा महत्त्वाचा होता तो फरक. अमेरिकेच्या बिल्डिंग कोडमध्ये एका जिन्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पायरी यांत ९.५ मिमीपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तो कोड आपल्याकडे लागू नाही, हे त्यांनी रिपोर्टमध्ये स्वतःच लिहिलं. त्यामुळे समोरच्या वकिलांना त्यावर बोलायला जागाच राहिली नाही. असा माणूस शोधा. जो आपल्या बाजूने सगळंच ठोकून देतो त्याचा रिपोर्ट उलटतपासणीत टिकत नाही.

त्यांनी आणखी काय पाहिलं ते भराभर लिहिते. पायरीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का. कडा झिजून गोल झाली आहे का. लँडिंग आणि पायरी एकाच रंगाची असल्याने कड दिसते का. रेलिंग लँडिंगवर तुटक आहे का, म्हणजे ऐन धोक्याच्या जागी हात सुटतो का. आणि प्रकाशासाठी ते मुद्दाम पुन्हा संध्याकाळी आले, वडील पडले त्या वेळेला. मोबाईलवरच्या लक्स अ‍ॅपवर (उजेड मोजणाऱ्या) त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःचा मीटर होता.

निसरडेपणाबद्दल लोक फार फसतात. ‘अँटी-स्किड टाइल आहे, खोक्यावर आर-९ लिहिलंय’ असं आमच्या चेअरमननी मीटिंगमध्ये सांगितलं. आर-९ ही लादीच्या निसरडेपणाच्या मोजपट्टीतली सगळ्यात खालची श्रेणी आहे, वर आर-१३ पर्यंत जाते. शिवाय ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालून करतात, ओल्या लादीवर झिजलेली स्लिपर घालून नाही. जागेवर करायची चाचणी म्हणजे पेंडुलम. रबराचा तुकडा लावलेला लोलक ओल्या लादीला घासून जातो आणि काट्यावर आकडा येतो. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार ३६ किंवा वर असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. हे यंत्र मूळचं रस्त्यांसाठीचं, त्यामुळे सिव्हिलच्या कॉलेजांत हायवे लॅबमध्ये विचारून बघा, लॅबच्या पत्रावर चाचणी करून देतात का ते. मात्र ज्या फिनेलच्या पाण्याने रोज जिना पुसतात ते तसंच असताना चाचणी घ्या. आमच्याकडे चाचणीच्या आदल्या दिवशी कोणीतरी अ‍ॅसिड मारून लादी घासून ठेवली होती. कोणी, ते सांगायला नको.

यावरून मुख्य गोष्ट. कमिटी आता ती पायरी दुरुस्त करायला निघेल. चांगलंच आहे, आणखी कोणी पडायला नको, आणि तुम्ही ते अडवूही नका. पण त्याआधी मोजमाप झालंच पाहिजे. कमिटीला आजच लेखी द्या की अमुक तारखेला आमचे तज्ज्ञ मोजणी करणार आहेत, तुमच्या इंजिनियरलाही बोलवा. दोन्ही बाजूंसमोर झालेलं माप कोणी नाकारू शकत नाही. तज्ज्ञ मिळेपर्यंत तात्पुरती पिवळी पट्टी लावा म्हणावं, दिवा लावा म्हणावं. सीसीटीव्हीचं फुटेजही आजच मागा, बहुतेक ठिकाणी काही दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. फुटेज मिळालं तर त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं. हे वकिलांना आठवण करून द्या, विसरतात.

हॉस्पिटलचा केस पेपर पुन्हा एकदा वाचा. कॅज्युअल्टीमध्ये घाईत ‘चक्कर येऊन पडल्या’ असं लिहून टाकायची डॉक्टरांना सवय असते, वय बघितलं की पेन आपोआप तिकडे वळतं. तसं असेल आणि आई शुद्धीवर असताना तोल गेला, पायरी चुकली असं म्हणाल्या असतील, तर आत्ताच लेखी अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून मागा. नंतर मागितली तर बनाव वाटतो.

आणि सोसायटीचं मिनिट्स बुक, म्हणजे सभांचं इतिवृत्त, बघा. सोसायटीला सहसा आरटीआय लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, पण सभासदाला कागद पाहण्याचा हक्क सहकार कायद्यानेच आहे. नाही दाखवले तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. (ते ऑफिस आमच्याशी बरं वागलं, हेही सांगायला हवं.) आम्हाला जुन्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात एक ओळ सापडली: एका सभासदाने ‘नवीन लादीमुळे लँडिंगजवळ पाय चुकतो’ असं सांगितलं, ‘नोंद घेतली’. कमिटीला माहीत होतं, तरी काही केलं नाही, हे एवढ्याने सिद्ध झालं. खडूचे आकडे आणि ही ओळ समोर ठेवल्यावर त्यांचे वकील तडजोडीला तयार झाले. रक्कम लिहू शकत नाही, तशी अट आहे.

इमारत नवी असेल, ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील, आणि जिना बिल्डरनेच असा बांधला असेल तर रस्ता वेगळा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम १४(३) खाली बिल्डरला ३० दिवसांत दोष दुरुस्त करून द्यावा लागतो, महारेराकडे (त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) जाता येतं. पोस्टमध्ये इमारतीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे जोडलं.

तज्ज्ञांची फी किती म्हणून इथे कोणीतरी विचारलंय. आमच्याकडून त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिटच्या मानाने अगदीच कमी घेतली, पण साक्षीला यावं लागलं तर वेगळी असं आधीच सांगितलं होतं. तुम्हीही आधीच विचारून घ्या. आणि शक्य असेल तर आज रात्रीच त्या लँडिंगच्या वरच्या चार आणि खालच्या चार पायऱ्या टेपने मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा आणि आकडे इथे टाका.