‘रॉयल पिक्यूलियर’ला ‘शाही विचित्र’ म्हणू नका

प्रश्न असा आलाय: विंडसरच्या किल्ल्यातल्या सेंट जॉर्जेस चॅपलवरची डॉक्युमेंटरी बघत होते, खाली मराठी सबटायटल आलं, ‘हे चॅपल शाही विचित्र आहे’. बोलणारा म्हणत होता ‘रॉयल पिक्यूलियर’. तर पिक्यूलियरला इथे मराठीत काय म्हणायचं? आणि चॅपल तो, ती की ते?

ताई, हे ‘शाही विचित्र’ मी पण ऐकलंय, एकदा नाही, तीनदा. राणी एलिझाबेथचं दफन 2022 मध्ये तिथे झालं तेव्हा एक, त्याआधी 2018 ला हॅरीच्या लग्नात एक, आणि एकाने तर ‘राजघराण्याचं चमत्कारिक चर्च’ असं छापलं होतं. अरे, डिक्शनरीत पहिला अर्थ दिसला की तो उचलायचा आणि पुढे जायचं, ही कुठली पद्धत? पाचशे वर्षं उभी असलेली वास्तू, तिच्यात आठवा हेन्री पुरलाय, मुंडकं उडवलेला पहिला चार्ल्स पुरलाय, आणि तुम्ही तिला विचित्र म्हणून मोकळे.

पिक्यूलियरचा ‘विचित्र’ हा अर्थ मागाहून आलाय. आधी अर्थ होता ‘स्वतःचं, दुसऱ्या कुणाचं नाही असं’. मग एकट्याचं ते इतरांपेक्षा वेगळं, आणि वेगळं ते लोकांना चमत्कारिक वाटायला लागलं. आपल्याकडे ‘तऱ्हा’चं हेच झालं बघा, तऱ्हा म्हणजे नुसती रीत, पण ज्याची स्वतःची वेगळी रीत तो तऱ्हेवाईक. चर्चच्या कायद्यातला पिक्यूलियर मात्र पहिल्या अर्थापाशीच थांबलाय. एरवी प्रत्येक चर्च कुठल्यातरी धर्मप्रांतात येतं आणि त्या धर्मप्रांताच्या बिशपचा त्याच्यावर अधिकार चालतो. रॉयल पिक्यूलियरवर बिशपचा चालत नाही, आर्चबिशपचाही नाही, तिथला डीन, म्हणजे मुख्य पुरोहित, थेट राजाला जबाबदार. वेस्टमिन्स्टर ॲबी तशीच, विंडसरचं चॅपल तसंच. बस, एवढंच आहे ते.

पण खरी मजा पुढे आहे. पिक्यूलियर आला लॅटिन ‘पेकूलियुम’वरून. रोमन कायद्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर काही नसायचं, गुलामाच्या तर नाहीच नाही, पण बापाने किंवा मालकाने ‘हे तू सांभाळ, तुझं समज’ म्हणून जी थोडी चीजवस्तू वेगळी काढून दिलेली असायची ती पेकूलियुम. कितीतरी गुलामांनी त्याच्यातूनच साठवून स्वतःची सुटका विकत घेतली. आणि हे पेकूलियुम आलं ‘पेकू’वरून, आणि पेकू म्हणजे आपला पशु! संस्कृत पशु, पारशांच्या अवेस्तातला पसु, लॅटिन पेकू, जर्मनमध्ये गुराढोरांना म्हणतात ते ‘फी’, सगळी एका आईची लेकरं. म्हणजे विंडसरच्या त्या चॅपलच्या बिरुदात आपला पशु बसलाय, आणि सबटायटलवाला तिथे ‘विचित्र’ लिहून गेला.

आता इथे लगेच कोणीतरी सांगणार की पूर्वी गायी म्हणजेच पैसा होता, म्हणून पशुवरून ‘पेकूनिया’ म्हणजे पैसा, सगळ्या पुस्तकांत आहे. आहे, माहितीये. आणि मला ते पटत नाही. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच पंडिताने हे उलटं धरलंय, त्याचं म्हणणं पेकू म्हणजे मुळात हलवता येणारी मिळकत, आणि त्या काळी अशी मिळकत बहुतेक गुरंच असल्यामुळे शब्द गुरांना चिकटला. अथर्ववेदात पाच पशु मोजलेत, ‘गावो अश्वाः पुरुषा अजावयः’, गायी, घोडे, माणसं, शेळ्या, मेंढ्या. माणसं! पशु म्हणजे फक्त चार पायांचं जनावर असतं तर त्या यादीत पुरुष काय करतोय? तो आहे कारण तो पण घरधन्याच्या चालत्या मिळकतीत मोजला जायचा. ‘गाय म्हणजे नाणं’ ही गोष्ट वर्षानुवर्षं एकमेकांच्या पुस्तकांतून उतरवणाऱ्यांनी या एका ओळीचं उत्तर द्यावं, मग बोलू. आपल्या धनगरातलं ‘धन’ पण मी असंच धरतो, मिळकत आधी आणि कळप मागून. त्याला धेनूपासून काढणारे आहेत, त्यांनी ‘धेनू’तला उकार कुठे गेला तेवढं सांगावं.

अशा हलवता येणाऱ्या मिळकतीला आपल्या कायद्याच्या भाषेत नेमका शब्द आहे, जंगम. स्थावर-जंगम मधला जंगम. पेकूलियुम म्हणजे आपल्यापुरती वेगळी काढलेली जंगम मिळकत.

आणि आता माझं खरं म्हणणं. ‘चॅपल’ हा शब्दसुद्धा जंगमच आहे. टूर्सचा संत मार्टिन आधी रोमन सैन्यात होता, आमियँ शहराच्या वेशीवर थंडीने काकडणारा भिकारी दिसला तर याने तलवारीने स्वतःचा झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. पुढे त्या झग्याचा फ्रँक राजांना, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या राजांना, केवढा अभिमान, लढाईला निघाले की झगा बरोबर, शपथ घ्यायची तर झग्यावर. झगा म्हणजे ‘कापा’, छोटा झगा ‘कापेल्ला’. झगा सांभाळणारा पुरोहित तो चॅप्लेन, आणि झगा ठेवायची जागा ती चॅपल. वाद्यांशिवाय गातात त्याला ‘आ कापेल्ला’ म्हणतात तो पण हाच, चॅपलमधल्यासारखं. आपल्या गोव्यात पोर्तुगिजांकडून आलेला ‘कपेल’ आहेच, आणि तिथला साधा माणूससुद्धा कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनास्थळ, वेगळी आणि इगर्ज, म्हणजे गावाचं चर्च, वेगळी हे कधी चुकत नाही. आपले मात्र दिसेल त्याला चर्च म्हणतात. चॅपलची व्युत्पत्ती शेळीच्या कातड्याच्या तंबूपासून लावणारेही मध्ययुगात होऊन गेले, पण नवव्या शतकातला मठवासी पंडित वालाफ्रिड स्ट्राबो झग्याचीच गोष्ट सांगतो, आणि तो त्या फ्रँक दरबाराजवळचा माणूस होता.

म्हणजे राजाचं चॅपल हे मुळात राजाबरोबर फिरणारं. इंग्लंडात ‘चॅपल रॉयल’ म्हणतात ती इमारत समजू नका, ती माणसं, राजाचे पुरोहित आणि गाणारे. आठव्या हेन्रीने 1520 ला फ्रान्सच्या राजाला भेटायला समुद्र ओलांडला तेव्हा चॅपल रॉयल त्याच्याबरोबर गेलं आणि तिथे मैदानात गायलं. बिशपचा अधिकार जमिनीवर असतो, धर्मप्रांताला हद्द असते. जे राजाच्या मागून फिरतंय त्याला कुठल्या बिशपच्या हद्दीत धरणार? माझ्या मते ‘पिक्यूलियर’ हा शब्द राजाच्या चॅपलला इतका चपखल बसला तो यामुळे, झगा पण जंगम आणि पशु पण जंगम. असं मांडलेलं मी कुठे वाचलेलं नाही, पण मला हे पक्कं वाटतं.

विंडसरला हे जंगम धन दगडात उभं राहिलं. तिसऱ्या हेन्रीचं जुनं चॅपल तिथे होतंच, 1348 मध्ये तिसऱ्या एडवर्डने ऑर्डर ऑफ द गार्टर ही सरदारांची मानाची संघटना काढली आणि तिच्यासाठी पुरोहितांचं कॉलेज, म्हणजे मंडळ, तिथे बसवलं. आत्ता दिसते ती इमारत चौथ्या एडवर्डने 1475 ला सुरू केली आणि पुरी व्हायला 1528 उजाडलं, तेव्हा गादीवर आठवा हेन्री. मधे तिसरा रिचर्ड आला नि गेला, सातवा हेन्री येऊन गेला, काम चालूच. शैलीला म्हणतात ‘पर्पेंडिक्युलर’, म्हणजे सरळ उभी, आणि इथे शब्दाप्रमाणेच आहे सगळं, खांबांच्या बारीक उभ्या रेघा जमिनीपासून निघतात त्या छतापर्यंत तुटत नाहीत, मधली भिंत जवळजवळ सगळी काचेला दिलेली. आणि वर दगडी छत, ते बरंच चपटं, टोकदार कमानीचं नाही. दगडाचं छत जितकं चपटं तितकं ते भिंतींना बाहेर ढकलतं, तो रेटा पेलायला बाहेरून टेकू दिलेत. टेकूंच्या वरच्या सुळक्यांवर राजचिन्हातले 76 प्राणी बसलेत, सिंह, ड्रॅगन वगैरे. जुने दगडी प्राणी खराब झाले म्हणून वास्तुकार क्रिस्टोफर रेनने 1682 मध्ये काढायला सांगितले, आत्ताचे विसाव्या शतकात बसवलेत.

आत छताकडे नीट बघितलं तर एक औजार कोरलेलं पुन्हा पुन्हा दिसतं, लाकडी, दातेरी जबड्यासारखं, तागासारख्या झाडाचे देठ मोडून धागा सुटा करायचं. इंग्रजीत त्याला ‘ब्रे’ म्हणायचे. सातव्या हेन्रीचा कारभारी सर रेजिनाल्ड ब्रे 1503 मध्ये वारला आणि चॅपल पुरं करायला पैसा ठेवून गेला, त्याने सही केली ती अशी, आडनावाचं औजार कोरून! अक्षर न वापरता नाव लिहिलंय त्या माणसाने. शब्दांवर प्रेम करणाऱ्याने विंडसरला जाऊन दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, हे बघावं. आणि गार्टरवाल्यांच्या बैठकांमागच्या पितळी पाट्या, एनॅमलचे रंग भरलेल्या, सरदार मेला की त्याचा झेंडा उतरवतात पण पाटी तिथेच राहते, शेकडो वर्षांच्या पाट्या एकीला एक लागून.

हां, तर मराठीत काय म्हणायचं. ‘खासगीतलं’. दुसरा शब्द शोधायची गरजच नाही. होळकरांची ‘खासगी’ आठवा, बाजीरावांनी 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना लावून दिलेली वेगळी मिळकत, दौलतीच्या हिशोबात न मिसळणारी, आणि पुढे अहिल्याबाईंनी देवळं, घाट बांधले ते याच खासगीतून. राजघराण्याने स्वतःकडे वेगळं ठेवलेलं, मधे दुसरा अंमलदार नाही, त्यात देवस्थानंही आली. पेकूलियुमला याहून जवळचा शब्द अजून कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. कुणी ‘खाजगी’ लिहिलं म्हणून लगेच लाल रेघ ओढणाऱ्यांनाही एक सांगतो, ‘स’च्या पुढे ‘ग’ आला की बोलताना ‘स’ला घोष चढतो आणि ‘खाजगी’ ऐकू येतं, तो जिभेचा नियम आहे, अडाणीपणा नाही. मी लिहिताना खासगी लिहितो, बोलताना माझ्याही तोंडून खाजगीच येतं.

सबटायटल असं हवं होतं: ‘हे चॅपल राजाच्या खासगीतलं आहे, इथे बिशपचा अधिकार चालत नाही.’

आणि लिंग, ते चॅपल. ते देऊळ, ते चर्च, तसंच ते चॅपल.