केसांच्या गोळ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट

प्रश्न : वय ३४. केस गळतात म्हणून काही महिन्यांपासून बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. परवाच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ०.०८ म्हणजे खूप कमी आला, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वाढलेला. वजन उतरलेलं नाही, धडधड नाही, हात थरथरत नाहीत. थायरॉइड जास्त चालतोय म्हणून तो दाबणारं औषध कार्बिमाझोल लिहून दिलंय. सुरू करू का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आधी डॉक्टरांना बायोटिनबद्दल सांगा आणि तपासणी पुन्हा करून घ्या. लक्षणं काहीच नाहीत आणि रिपोर्ट इतका बिघडलेला, अशा वेळी पहिला संशय या गोळीवरच घ्यायला हवा. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरतं. तुमच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त.

लॅबच्या अनेक तपासणी किटमध्ये टीएसएच पकडणाऱ्या अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं. ते स्ट्रेप्टाविडिन (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रथिन) लावलेल्या बारीक कणांना चिकटतं, मग मशीन उरलेलं धुऊन टाकतं आणि चिकटलेल्याचा प्रकाश मोजतं. रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असलं की कणांवरच्या जागा तेच अडवतं. हार्मोन पकडलेली अँटिबॉडी धुऊन जाते, प्रकाश कमी पडतो आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. फ्री टी-४ आणि टी-३ च्या किटमध्ये हिशेब उलटा असतो : प्रकाश जितका कमी, तितका हार्मोन जास्त. म्हणून तिथे आकडा खोटा वाढतो. दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवतात, त्यामुळे रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज आजारासारखा, म्हणजे थायरॉइड जास्त चालवणाऱ्या आजारासारखा दिसतो. अशा किटवर त्या आजाराची अँटिबॉडी चाचणीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा रिपोर्टवर कार्बिमाझोल चालू केलं तर निरोगी थायरॉइड दबतो, क्वचित पांढऱ्या पेशीही घसरतात.

किमान ४८ तास गोळी बंद ठेवून सॅम्पल द्या. या डोसला आम्ही ७२ तास सांगू. किडनीचा त्रास असेल तर बायोटिन शरीरात जास्त काळ रेंगाळतं, दिवस डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरी सॅम्पल न्यायला येणाऱ्या मुलाला किटची माहिती नसते. लॅबला फोन करून पॅथॉलॉजिस्टना विचारा : तुमच्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाविडिन वापरतात का? काही कंपन्यांनी सुधारित किट आणली आहेत, त्यांवर परिणाम बराच कमी होतो. फॉर्मवर गोळीचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला तेही लिहा.

बाटलीवर ‘व्हिटॅमिन बी-७’ किंवा ‘व्हिटॅमिन एच’ असलं तरी ते बायोटिनच. केस-त्वचा-नखांच्या गमीज आवर्जून तपासा. सीबीसी आणि साखरेला याची बाधा नाही, पण अशा किटवर व्हिटॅमिन डी खोटं वाढलेलं येऊन खरी कमतरता लपू शकते. सर्वांत गंभीर ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी : हार्ट अटॅक असूनही आकडा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. छातीत दुखलं तर गोळी उतरण्याची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या बायोटिन घेतो हे सांगा.

प्रश्न : वडिलांची ग्लुकोमीटरवर साखर २४०, लघवीच्या पट्टीवर मात्र साखर ‘नाही’. ते व्हिटॅमिन सी रोज १००० मिलिग्रॅम घेतात. (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : व्हिटॅमिन सीमुळे असं होऊ शकतं. पट्टीवर साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याने रंग येतो. लघवीतून उतरणारं व्हिटॅमिन सी तो रंग येऊच देत नाही. पट्टीवरच्या रक्त तपासणाऱ्या चौकटीचंही तेच, त्यामुळे लघवीतलं रक्त पट्टीवर हुकू शकतं. मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसतात, ती तपासणी करून घ्या. वय झालं की काहींच्या लघवीत साखर उशिरा उतरते, हेही एक कारण असू शकतं. साखरेचा निर्णय पट्टीवर नको, शिरेतल्या रक्ताची तपासणी आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. शौचातलं लपलेलं रक्त ग्वायॅक पद्धतीने (रंग बदलणाऱ्या कागदावर) बघायचं असेल, तर ३ दिवस आधीपासून रोजचं व्हिटॅमिन सी २५० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

प्रश्न : तपासणीआधी लोहाची गोळी चालते का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : सीरम आयर्न (रक्तातलं लोह) करायचं असेल तर २४ तास नको, गोळीनंतर काही तास आकडा फुगलेला असतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एका गोळीने हलत नाही. गरोदरपणात लिहून दिलेलं फॉलिक अॅसिड मात्र तपासणीसाठी परस्पर थांबवू नका.